गोल्फवाल्या पोरांचा वस्ताद

२१ जून २००४, सोमवार

खताच्या दुकानदारानं जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर ट्रंकेत कोरी पडली होती. आज पहिल्यांदा लिहिण्यासारखं काही घडलं.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी बोलावलं. म्हणाले, "उकंडराव, तुमी तालमीतले माणूस. आपल्या पोरांचं अंग कमवून द्यायचंय. डिसेंबरात औरंगाबादला चौदा वर्षांखालच्यांच्या स्पर्धा हायेत."

"कबड्डीच्या?"

"गोल्फच्या."

मी मान डोलावली. बाहेर आल्यावर भूगोलाच्या मास्तरांना विचारलं, गोल्फ म्हणजे नेमकं काय? ते म्हणाले, मान डोलावलीत ते बरं केलंत.

भानगड अशी आहे. शाळेच्या वर टेकडीवर जो तांडा आहे, तिथले भीमसिंग हवालदार फौजेतून रिटायर होऊन आले ते लोखंडी टोकाच्या जुन्या काठ्यांची एक लांबोडकी पिशवी घेऊन. फौजेत शेवटची काही वर्षं ते साहेब लोकांच्या गोल्फच्या मैदानावर होते. इथं माळावर त्यांनी डालड्याचे डबे जमिनीत पुरून भोकं केली आहेत, आणि आपल्या शाळेतली तीन पोरं तिथं रोज संध्याकाळी पांढरा चेंडू टोलवतात. खेळ शिकवायचा हवालदारांनी, ताकद आणायची मी.

हा तर माझ्या हातचा मळ आहे.

२२ जून

माळावर गेलो. पोरं तीन. दिपक, तांड्यावरच्या हरिचंद आणि जिवनबाईंचा मुलगा, काटक आणि हट्टी. मिना, हवालदारांची नात, तोंडानं फार तेज. आणि शाहिस्ता, औंढ्यातल्या चाँद पाशा बांगडीवाल्यांची मुलगी, बोलत नाही, फक्त बघते. तिघांचे दंड म्हणजे दोडक्याच्या शेंगा.

हवालदार दिपकला म्हणाले, "ड्रायव्हर मार." मी विचारलं, कोणाचा ड्रायव्हर, जीपवाल्याचा का? सगळ्यांत लांब काठीला ड्रायव्हर म्हणतात म्हणे. हे आधी सांगायला पाहिजे होतं.

मग मला म्हणाले, "मास्तर, तुमी बी मारा एक." मी काठी घेतली, बजरंगबलीचं नाव घेतलं आणि अंगातला सगळा जोर लावून हाणली. चेंडू तिथंच राहिला. मी मात्र पूर्ण फिरून परत जागेवर आलो. चेंडू जरा खोलात बसलेला होता. पोरं हसली नाहीत. पोरं खोकली.

५ जुलै

कार्यक्रम सुरू. पहाटे जोर, मग बैठका, मग करेला फिरवणं (हवालदार विचारत होते, करेला म्हणजे कारलं का? मुद्गलच की तो, वस्तादाला हे काय विचारायचं), मग दोरावर चढणं. वर भिजवलेले हरभरे. पोरं रात्री ताटावरच झोपतात, असं मुख्याध्यापक म्हणाले. म्हणजे कार्यक्रम लागू पडतोय.

आज चाँद पाशांनी दुकानात बोलावून चहा पाजला. "सर, एक तकलीफ हाय. पोट्टीचे हात असे जाड झाले तर बांगडी कशी चढायची? लोक काय म्हनतील, बांगडीवाल्याच्या घरची पोट्टी अन् हात मोकळे!"

मी बशीत चहा ओतत होतो, तेवढ्यात आतून शाहिस्ताचा आवाज आला, "मोठ्या मापाच्या घालीन ना, अब्बा."

चाँद पाशांनी माझ्याकडं बघितलं आणि दुसरा चहा सांगितला.

२६ जुलै

हवालदारांचं आणि माझं बोलणं बंद झालं.

त्यांचं म्हणणं, पोरांचे खांदे आखडलेत, कमरेतून वळतच नाहीत, काठी अशी फिरवून राहिलेत जसं सरपणच फोडायला आलेत. मी म्हणालो, हवालदार, ताकद आली की वळण आपोआप येतं. ते म्हणाले, मास्तर, तुमचा चेंडू त्या दिवशी आपोआपच गेला व्हता काय?

हे त्यांनी पोरांसमोर बोलायला नको होतं.

त्यानंतर समोरासमोर उभे राहून आम्ही मिनाच्या मार्फत बोललो. "मिना, मास्तरला सांग, पोरांचे हात उद्या सुट्टीवर." "मिना, हवालदारांना सांग, तालमीत सुट्टी नसते." मिना दोन्हीकडचं जसंच्या तसं सांगत होती, वर आपल्या पदरचंही घालत होती. मी हवालदारांना 'म्हातारबा' म्हणालेलो नाही.

९ ऑगस्ट

आज वाईट झालं.

तालमीच्या आवारात एक गोटा पडलेला आहे, जुन्या पैलवानांनी उचलायचा. दिपक रोज त्याच्याभोवती घुटमळायचा. आज मी म्हणालो, "हा उचलशील तर तू शेर, औरंगाबादला तुझ्या पुढं कोण टिकत न्हाई." त्यानं हात घातला. गुडघ्यापर्यंत आणला, मांडीपर्यंत आणला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी सगळ्यांत मोठ्यांदा. मग गोटा पडला आणि दिपक तसाच वाकलेला राहिला. रडला नाही. फक्त म्हणाला, "सर, सरळ व्हता येऊन नाही राहिलं."

पाठीवर घेऊन दवाखान्यात पळालो. डॉक्टर परभणीला गेलेले. तिथं नवीन नर्स आहे, संगिता सिस्टर. तिनं त्याला पालथं झोपवलं, पाठीवरून हळूहळू बोटं फिरवली, पाय हलवून बघितले. मी गोट्याचं सांगितलं, तशी माझ्याकडं वळली.

"याचं वय काय?"

"तेरा."

"अन् दगडाचं?"

मी रुमाल काढून तोंड पुसलं.

"वाढतं हाड हाय हे. लेकरू हाय का ज्वारीचं पोतं? नशीब समजा, सांध्यावर न्हाई बेतलं. महिनाभर वाकणं न्हाई, उचलणं न्हाई. अन् तुमी काहून रडून राहिलात? उठा, त्याच्या घरी कळवा."

मी रडत नव्हतो. घाम होता. बाई फार उद्धट आहे. पुन्हा त्या दवाखान्यात पाऊल टाकणार नाही.

१० ऑगस्ट

दवाखान्यात गेलो होतो. दिपकच्या गोळ्या जेवणाआधी की जेवणानंतर, ते विचारायचं राहिलं होतं. जेवणानंतर.

१२ ऑगस्ट

जिवनबाई शाळेत आल्या. हरिचंद ऊसतोडीच्या मुकादमाला भेटायला गेलेले, म्हणून त्या एकट्याच. मला वाटलं, आता वरात निघणार माझी. पण त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, तुमी त्याला शेर म्हनले. त्याला ते खरं वाटलं. आता तो खाटेवर पडून छपराकडं बघून राहिला. गोल्फ-बिल्फ बंद." आणि दारातून परत फिरून म्हणाल्या, "अन् पानी तोच आनत व्हता खालच्या विहिरीवरून. मला हळदीच्या शेतात जायचं असतंय. आता पानी कोन आननार?"

मी म्हणालो, मी आणतो. दुसरं काय म्हणणार होतो?

१४ ऑगस्ट

मी कुरुंद्याचा पैलवान. जत्रेत नारळाची कुस्ती मारलेली आहे. आज एक घागर खांद्यावर घेऊन टेकडी चढलो आणि वर पोचलो तेव्हा घागरीत निम्मं पाणी होतं, उरलेलं माझ्या पाठीवरून विजारीत. तांड्यावरच्या बाया ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या. हवालदारांच्या मंडळी, पारुबाई, म्हणाल्या, "मास्तर, पानी घरी आनायचं हाय, आंघोळ खालीच करायची असती."

दिपक खाटेवरून हसला. पाच दिवसांत पहिल्यांदा. त्याच्या पोटाला हात लावून जिवनबाई म्हणाल्या, "हसू नको रे, कमर दुखंल." पण त्यांच्याही चेहऱ्यावर काहीतरी हललं.

३० ऑगस्ट

पाणी आता जवळपास सगळं वर पोचतं. पण अंगात नवीनच ठिकाणी दुखतंय. कमरेच्या दोन्ही बगलांना, मांड्यांच्या मागं, पावलांच्या शिरांना. इतक्या वर्षांच्या जोरांनी ही जागा कधी दुखली नव्हती. वय झालं बहुतेक.

सिस्टर दिपकला बघायला तांड्यावर आल्या होत्या. मी नेमका घागर घेऊन चढत होतो. त्या बाजूला थांबल्या, मी जाईपर्यंत तोंडावर रुमाल धरून उभ्या राहिल्या. धुळीचा त्रास असावा त्यांना.

उतरताना बरोबर होत्या. विचारलं, "उकंडराव हे नाव काहून ठिवलं?" मी सांगितलं. माझ्या आधीची दोन भावंडं गेली होती, म्हणून आजीनं मला जन्मल्यावर थोडा वेळ उकिरड्यावर ठेवलं, म्हणजे नशिबाचं लक्ष जाऊ नये. एरवी लोक हसतात. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं, न्हाई गेलं लक्ष."

मग मी विचारलं, सिस्टर, लेकरांची ताकद वाढवायचीच नाही का? त्या म्हणाल्या, मोठ्या डॉक्टरांना विचारून सांगते.

नवीन सदरा शिवायला टाकला. जुना पाण्यानं खराब झाला आहे.

६ सप्टेंबर

सिस्टरांनी विचारून आणलं. डॉक्टरांचं म्हणणं असं की ताकद वाढवायला हरकत काहीच नाही, पण लेकरानं आधी स्वतःचंच वजन नीट सांभाळायला शिकावं. हलकं वजन, पुष्कळ वेळा, नीट उभं राहून. पाय आणि कंबर आधी, दंड शेवटी. दुखलं की थांबायचं, दुखणं गिळायचं नाही.

मी रात्रभर... नाही, तसा झोपलो, पण सकाळी लवकर उठून विचार केला. तालमीत जायच्या वाटेवर दोन हमाल ट्रकमधून पोती उतरवत होते. एक कमरेतून वळून फेकायचा, दुसरा कमरेतून वळून झेलायचा. हात नुसते सोबतीला.

एका जुन्या पिशवीत थोडी ज्वारी भरून तोंड शिवलं. मिना आणि शाहिस्ताला एकमेकींकडं कूस करून उभं केलं आणि म्हणालो, पाय हलवायचे नाहीत, अंग वळवून पिशवी फेका. पहिल्यांदा पिशवी माझ्या तोंडावर आली. मग जमायला लागली. मग दोघी हसत हसत फेकायला लागल्या आणि थांबेनातच.

हवालदार लांबून बघत होते. जवळ आले. मिना सवयीनं मध्ये उभी राहिली. त्यांनी तिला बाजूला केलं.

"मास्तर, हेच तर मी सांगून राहिलो व्हतो जुलैपासून."

"तुमी खांदे आखडले म्हणालात. पिशवी कुठं म्हणालात?"

"पिशवी मला कुठं म्हाईत व्हती?"

दोघंही हसलो. मिना रागावून निघून गेली. तिचं कामच गेलं.

२७ सप्टेंबर

नवीन कार्यक्रम: एका पायावर उभं राहून चेंडू झेलणं. टेकडी हळू चढणं, हळू उतरणं. ज्वारीची पिशवी. ओला पंचा पिळणं, मनगटासाठी. जोर थोडे, तेही भिंतीला हात लावून. शेवटी हवालदार काठ्या देतात.

आज शाहिस्तानं ड्रायव्हर मारला (आता कळतं मला) आणि चेंडू बाभळीवरून पलीकडं गेला. बाभळीवरून आजवर कोणाचाच गेला नव्हता. ती तशीच उभी राहिली, जणू दुसऱ्याच कोणी मारला. मग सावकाश म्हणाली, "सर, मी तर जोर लावलाच न्हाई."

हवालदार खाली बसले आणि त्यांनी जमिनीला हात लावून कपाळाला लावला.

११ ऑक्टोबर

दिपक उभा, वाकलेला, बसलेला, सगळा ठीक. सिस्टरांनी तपासलं. पण जिवनबाई 'नाही' वरच. मी घागर ठेवली आणि निघालो. मागून त्या म्हणाल्या, "मास्तर, उद्यापासून पानी नका आनू."

माझा चेहरा पडला असणार. मला सवय झाली होती.

"तो आनंल," त्या म्हणाल्या, "अर्धी घागर. अन् मग तुमच्याकडं येईल. पन दगड दिसला तर मी तुमालाच उचलीन."

त्या उचलू शकतात. मी बघितलेलं आहे.

२ नोव्हेंबर

शाहिस्ताचे रोजे चालू आहेत. तिला टेकडी बंद, पिशवी बंद. फक्त भोकात चेंडू ढकलायचा सराव, सावलीत. मिनानं तिच्यासमोर पाण्याची बाटली तोंडाला लावली, मग एकदम थांबली, पाठ करून प्यायली. कोणी शिकवलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर

यंदा दिवाळी आणि ईद एकामागं एक. काल चाँद पाशांकडं शीरखुर्मा खाल्ला, वर माझ्या आईच्या हातच्या करंज्या त्यांच्याकडं पोचवल्या. शाहिस्ताच्या आई खुर्शीदबींनी वाटी भरताना अट सांगितली, "औरंगाबादला पोरगी जाईल, पन संग कोणी बाईमाणूस पाहिजे."

आज दवाखान्यात जाऊन सिस्टरांना विचारलं. तारीख सांगायच्या आधीच म्हणाल्या, "येते. रजेचा अर्ज दिलाय." मी म्हणालो, तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, "औंढा केवढं हाय?"

खरं आहे. गाव लहान आहे.

११ डिसेंबर, औरंगाबाद

एसटीनं आलो. एका धर्मशाळेत उतरलो. संध्याकाळी मैदान बघायला गेलो. एवढं हिरवं गवत पोरांनी कधी पाहिलं नव्हतं. मिना खाली वाकून त्यावर गाल ठेवून आली. हवालदारांनी कडेलाच बूट काढून हातात घेतले.

मी म्हणालो, हवालदार, बूट घालूनच जायचं असतं ना? त्यांनी बूट उलटे करून झटकले. मग म्हणाले, "मास्तर, मी इतकी वर्सं मैदानावर व्हतो. गवत कापलं, चेंडू गोळा केले, सायबांच्या पिशव्या वाहिल्या. पन गवतावरून चेंडू कधी मारला न्हाई. आमाला परवानगी नव्हती. बघून बघून शिकलो. जे मारलं ते आपल्या माळावरच."

त्यांच्याशी दीड महिना अबोला धरल्याचं मला फार वाईट वाटलं. मीही बूट काढले. गवत गार होतं.

१२ डिसेंबर, औरंगाबाद

सगळं लिहायला हवं, पण हात दुखतोय, टाळ्यांनी.

पुण्या-मुंबईकडची पोरं खिळ्यांच्या बुटांत आली होती. त्यांच्या एका शिक्षकानं मला विचारलं, तुमच्या मुलांना ताकदीसाठी काय देता? मी म्हणालो, ज्वारी. "खायला?" "न्हाई, फेकायला." त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मिनाचं गणित पहिल्याच भोकाला बिघडलं. आमच्या माळावर चेंडू खडबडीत जमिनीला अडतो, इथं ढकलला की घसरतच जातो. ती प्रत्येक वेळी चेंडूला मोठ्यानं "थांब की!" म्हणत होती. साहेब लोक वळून बघत होते. शेवटून दुसरी आली, आणि म्हणते, शेवटून पहिली तर नाही ना.

दिपक मात्र चांगला खेळत होता. शेवटच्या भोकाआधी बक्षिसाच्या अगदी जवळ. पुढं तळं. तळ्यावरून थेट मारला तर बक्षीस, वळसा घालून गेला तर नाही. त्यानं लांब काठी काढली. पाय रोवले. मग त्याचा डावा हात कमरेवर गेला, क्षणभरच, आणि त्यानं माझ्याकडं बघितलं.

माझ्या तोंडात 'लाव जोर' आलेलंच होतं. आयुष्यभर हेच ऐकलंय, हेच सांगितलंय. शेजारी सिस्टर उभ्या होत्या, पण त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

मी मान हलवली. नाही.

दिपकनं ओठ चावले. लांब काठी परत ठेवली, आखूड काढली, वळसा घेतला. बक्षीस गेलं. येऊन माझ्याजवळ उभा राहिला, रागानं. मी विचारलं, दुखत होतं का? "जरासं." मग काठी पिशवीत ठेवताना, "याडीला सांगू नका." याडी म्हणजे आई. मी म्हणालो, मीच सांगणार, आणि हेही सांगणार की तू थांबलास. यावर तो विचार करत राहिला.

शाहिस्तानं त्याच तळ्यावरून चेंडू असा मारला की पलीकडच्या माळ्यानं टोपी काढली. मुलींत तिसरी. कप घेताना तिच्या मनगटात बांगड्या होत्या, हिरव्या.

समारंभ संपल्यावर मैदानाचे साहेब म्हणाले, शिक्षकांनीही एकेक चेंडू मारावा. हवालदार मागं सरकायला लागले. मी त्यांची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली आणि म्हणालो, "चला हवालदार, आज पिशवी मी वाहतो."

ते गवतावर उभे राहिले. फार वेळ उभे राहिले. मग असं काही वळले की म्हातारा माणूस वाटलाच नाही. चेंडू उंच गेला, सुंदर गेला, आणि तळ्याच्या बरोबर मधोमध पडला.

मी म्हणालो, वाईट झालं. ते तळ्याकडं बघून हसत होते. "वाईट काय मास्तर? पडला तर पडला. गोट्याधोंड्यांत तर न्हाई पडला!" आणि डोळे पुसून परत एक चेंडू मागितला.

१६ डिसेंबर, गुरुवार

जिवनबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आत गेल्या, गुळाचा चहा आणला. दिपकला म्हणाल्या, उद्या सराव हाय न्हाई का? मुख्याध्यापक पुढच्या वर्षी आणखी पोरं घ्या म्हणतात.

संध्याकाळी दवाखान्यावरून जात होतो, तर सिस्टरांनी हाक मारली. "इतवारी तुमी कुरुंद्याला घरी हायेत का?" मी म्हणालो, असतो दर इतवारी. "मग कुठं जाऊ नका. माझी आई अन् मामा येऊन राहिलेत तुमच्या घरी. मामाला घर बघायचंय, शेत बघायचंय, तुमच्या आईबाबांशी बोलायचंय." आणि एकदम आत निघून गेल्या. इंजेक्शनचं काही काम आठवलं असेल.

मामा शेतकरी आहेत असं ऐकलं होतं. कुरुंद्याची हळद नावाजलेली, बेणं बघायला येत असणार. बाबांना निरोप धाडला आहे, चांगलं बेणं बाजूला काढून ठेवा, लांबून माणसं येत आहेत.